बैलांनी आखलेला चढ

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

पहाटे साडेचारला भिवंडी झोपलेली नसते. रात्रपाळीचे माग चालू असतात, आणि एकदा का कानाला सवय झाली की ती खटखट ऐकू येण्यापेक्षा तिचं थांबणंच जास्त ऐकू येतं. 2025 च्या डिसेंबरातल्या एका रविवारी आम्ही अकराजण वंजारपट्टी नाक्यावर सायकली घेऊन उभे होतो. एक लूम मेकॅनिक, दोन गोदामातले कारकून, एक दाताचे डॉक्टर, कॉलेजात जाणारी तीन मुलं, इंजिनिअरिंगची एक मुलगी, एक कापडाचे दलाल, त्यांचे मेहुणे आणि निवृत्त मास्तर म्हणून मी. आमच्या या मंडळाला घटना नाही, वर्गणी नाही. कुठं आणि किती वाजता एवढंच आदल्या दिवशी ठरतं. त्या दिवशी ठरलं होतं ते असं: शहापूरवरून कसारा, थळघाट चढून इगतपुरी, आणि अंधार पडायच्या आत परत. जाऊन-येऊन एकशेसत्तर किलोमीटरच्या आसपास.

वंजारपट्टी हे नाव ऐकलं की मला नेहमी लमाणांचे, वंजाऱ्यांचे तांडे दिसतात. पाठीवर गोण्या लादलेले बैल एकामागून एक, आणि गळ्यातल्या घंटांचा आवाज. कोकण आणि देश यांच्यामधला व्यापार शेकडो वर्षं या बैलांच्या पाठीवरून चालला. आज ज्याला आपण घाट म्हणतो तो त्यांनी पाडलेला रस्ता. इथं भाषेची एक गंमत सांगतो. आपल्या मराठीत डोंगराचं नाव सह्याद्री, आणि घाट म्हणजे तो ओलांडायची वाट. युरोपियन लोक आले आणि त्यांनी वाटेचं नाव डोंगराला देऊन टाकलं. त्यामुळे आज सगळ्या जगाच्या नकाशावर आपला सह्याद्री ‘वेस्टर्न घाट्स’ झाला आहे. त्यांना डोंगर दिसला तो वाटेवरून, त्याला ते तरी काय करणार!

या थळघाटाची वाट किती जुनी? नाशिकच्या पांडवलेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीचा. या उषवदातानं गोवर्धन आणि शूर्पारक या दोन्ही ठिकाणी वाटसरूंसाठी धर्मशाळा बांधल्याचं लेण्यांतले लेख सांगतात. गोवर्धन म्हणजे नाशिकजवळचं, आणि शूर्पारक म्हणजे आपलं वसईजवळचं नालासोपारा. एक गाव घाटाच्या वर आणि दुसरं घाटाखाली समुद्राकाठी. दोन्हीकडे धर्मशाळा बांधणाऱ्या माणसाला मधल्या डोंगराची चांगली कल्पना असणार. त्याच लेण्यात आणखी एक नोंद आहे, ती आम्हा भिवंडीकरांच्या जिव्हाळ्याची. भिक्षूंच्या वस्त्रांसाठी आणि खर्चासाठी त्यानं तीन हजार कार्षापण गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेण्यांकडे कायम ठेव म्हणून ठेवले होते. दोन हजार एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक व्याजानं, आणि एक हजार दुसरीकडे, शेकडा पाऊण व्याजानं. म्हणजे एकोणीसशे वर्षांपूर्वी घाटाच्या वरच्या टोकाला विणकरांची पत बँकेसारखी होती. आज घाटाच्या खालच्या टोकाला लाखो माग आहेत. त्यांच्या मालकांना कर्ज मिळवताना काय यातायात पडते ते त्यांनाच विचारा.

आमच्या गावातल्या विणकरांचे बरेचसे पूर्वज हाच घाट उतरून आले. 1857 च्या धामधुमीनंतर उत्तरेतली मोमीन विणकर कुटुंबं आग्रा रोडनं दक्षिणेकडे सरकत आली. धुळे, मालेगाव, भिवंडी ही मागांची तिन्ही गावं या एकाच रस्त्यावर आहेत हा काही योगायोग नव्हे. जिथं पाय थांबले तिथं माग मांडला गेला. आमचा लूम मेकॅनिक मित्र घाटात नेहमी म्हणतो, ‘‘मास्तर, आमचे पणजोबा इथून उतरले, चढले मात्र नाहीत. ते काम माझ्यावर टाकलं.’’

भिवंडी रस्त्याचं गाव राहिलं, त्याला आणखी एक कारण घडलं. 1853 साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी सुरू झाली, पुढच्याच वर्षी ती कल्याणला पोचली आणि तिथून तिनं दोन फाटे काढले. एक बोरघाटाकडे, दुसरा थळघाटाकडे. भिवंडी जवळच बाजूला राहिली. दिवा-वसई मार्गावरचं ‘भिवंडी रोड’ हे स्टेशन फार उशिरा आलं, आणि त्याच्या नावातदेखील ‘रोड’ आहे! आगगाडीनं टाकलेलं गाव बैलगाडीच्या, मग ट्रकच्या आधारानं वाढलं. आज माणकोली, पूर्णा, काल्हेरकडे जी गोदामांची रांग दिसते ती त्याच रस्त्याची देणगी.

वडप्यानंतर महामार्ग रुंद होतो. त्या रुंदीत सायकलवाल्याला डाव्या कडेची पांढरी रेघ आणि तिच्या पलीकडचं दीड-दोन हात डांबर एवढीच जागा असते. पडघ्याला चहा झाला. पुढं आसनगावजवळ माहुलीचे सुळके उजेडात आले, तेव्हा सगळे आपोआप गप्प झाले. आटगाव, खर्डी असा रस्ता चढ-उतार करत जातो आणि तुम्हाला कळत नाही की तुम्ही हळूहळू वर चालला आहात. मांड्यांना कळतं.

मंडळात सायकल चालवायचे काही अलिखित नियम आहेत. पुढच्यानं खड्डा दिसला की हात खाली करून दाखवायचा. सगळ्यात पुढं राहायचं काम दहा-दहा मिनिटं वाटून घ्यायचं, कारण वारा पुढचाच खातो. सगळ्यात मागे एक जाणता माणूस ठेवायचा. हे नियम आम्ही शोधलेले नाहीत. 1897 साली बारा इटालियन सायकलस्वार एका दिवसाच्या उजेडात रोमहून नेपल्सला गेले, अंतर 230 किलोमीटर. त्यांना ‘ऑडॅक्स’ म्हणजे धाडसी हे लॅटिन विशेषण मिळालं. त्यावरून 1904 साली पॅरिसमध्ये ऑडॅक्स क्लब निघाला, आणि आज जगभर दोनशे, तीनशे, चारशे, सहाशे किलोमीटरच्या ज्या ‘ब्रेव्हे’ होतात त्या याच क्लबच्या नियमांनी. ही शर्यत नसते. पहिला आला काय आणि शेवटचा आला काय, दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे केले की झालं. आपल्याकडेही गेल्या दीड दशकात हे वेड चांगलंच पसरलं आहे. आमच्यातली ती इंजिनिअरिंगची मुलगी तिच्या पहिल्या दोनशेची तयारी करत होती, म्हणून तर हा घाटाचा बेत.

मुंबईला मात्र क्लब आणि सायकल यांचं नातं त्याच्याही आधी जुळलं आहे. 15 ऑक्टोबर 1923 रोजी बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबचे सहा पारशी तरुण जगप्रवासाला सायकलवर निघाले. क्लब वजनं उचलणाऱ्यांचा, पण निघाले सायकलवर. त्यांतले अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे मार्च 1928 मध्ये सत्तर हजार किलोमीटरच्या वर प्रवास करून परत आले. वाटेत इराण, इराकचं वाळवंट आणि आल्प्स होते. त्यांच्याजवळ ना गिअर, ना आजच्यासारखे हलके सांगाडे. त्यांची आठवण आपण फारशी ठेवली नाही. शाळेत मीही कधी शिकवली नाही, आता बोलून काय उपयोग.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. थळघाटाचा पायथा आला आणि मी, वय एकोणसाठ, पुढं निघालो. कारण सांगतो. माझे वडील सिन्नर तालुक्यातल्या एका खेड्यातले. 1961 साली ते भिवंडीत वहीफणीच्या कामाला लागले. वहीफणी म्हणजे बिमाचा एकेक धागा वहीतून आणि फणीतून ओवायचं काम. डोळ्यांची माती करणारं. दर दिवाळीला ते गावी जायचे ते सायकलनं. एस. टी. होती, गाडीही होती, पण सायकलला भाडं पडत नव्हतं आणि कॅरिअरवर मालकानं दिलेला जुना ताणा-बाणा, उरलेसुरले कापडाचे तुकडे बांधता येत. वरळीला कारखाना होता त्या हिंद कंपनीची काळी सायकल. एका दिवाळीत, मी आठ-नऊ वर्षांचा असेन, ते मला पुढच्या दांडीवर बसवून घेऊन गेले. घाट सुरू झाला तसे ते उतरले आणि हँडल धरून चालू लागले. वर घाटनदेवीपर्यंत चालतच. मी दांडीवर राजासारखा बसलेला. गावात चुलत भावांनी विचारलं, ‘‘तुझ्या बापानं घाट मारला का रे सायकलवर?’’ मी ‘हो’ म्हणालो. वडिलांनी ते ऐकलं आणि सगळ्यांसमोर हसून सांगितलं, ‘‘नाही रे, चालत आणली.’’ त्या वेळी मला त्यांची लाज वाटली होती. हे वाक्य बोलायला मला पन्नास वर्षं लागली.

तर त्या रविवारी मी गिअरच्या सायकलवर एकटा पुढं सुटलो. मंडळाचा नियम मोडला, हे कबूल. पाणी प्यायलो नाही, कारण थांबावं लागलं असतं. वर जाताना जुना घाट लागतो. एका बाजूला दरी, दुसऱ्या बाजूला कातळ, आणि पाठीमागून पहिल्या गिअरमध्ये कण्हत येणारे ट्रक. अर्धा घाट झाला असेल. एका वळणावर उजव्या पोटरीत असा गोळा आला की पाय पायडलवरून काढताही येईना. मी कठड्याकडे कललो आणि आडवा झालो. पाठीमागच्या ट्रकवाल्यानं वेळेत ब्रेक मारला. तो खाली उतरला, पाण्याची बाटली दिली आणि एवढंच म्हणाला, ‘‘बाबूजी, घाट है, जल्दी काहे की?’’

पाच मिनिटांनी मंडळ आलं. सगळ्यात मागे असलेल्या डॉक्टरांनी पोटरी चोळली आणि मीठ-साखरेचं पाणी पाजलं. ती मुलगी म्हणाली, ‘‘काका, आता चालत जाऊ या. मी पण चालते तुमच्याबरोबर.’’ मग आम्ही दोघं सायकली हातात धरून चालत निघालो, आणि चालताना मला घाट पहिल्यांदा नीट दिसला.

सायकलवर दिसतो तो फक्त पुढच्या चाकासमोरचा हातभर रस्ता. चालताना कळलं की रस्ता एकसारखा चढत नाही. थोडं अंतर ताठ चढतो, मग वळणावर जरा सैल होतो, तिथं रुंदी असते, पुन्हा चढतो. ती सैल जागा कोणासाठी? बैलांसाठी. रस्ता बैलगाडीचा होता तेव्हा जोडी किती वेळ ओढू शकेल आणि कुठं तिला दम घेऊ द्यावा लागेल यावर सगळी आखणी होती. बोरघाटात 1830 साली गाडीरस्ता झाला, तोवर तिथं चाकाची वाहतूक जवळजवळ नव्हतीच, सगळं बैलाच्या पाठीवर. मुंबई-आग्रा रस्त्याची आखणीही एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली. डोंगरातल्या रस्त्याला साधारण वीस फुटांना एक फूट चढ असावा, म्हणजे पाच टक्के, हा दंडक आजच्या अभियंत्यांच्या पुस्तकांतही आहे. मोटारीला त्याहून दुप्पट चढ चालेल, पण बैलाचं माप आपण सोडलेलं नाही.

आगगाडीला एवढाही चढ झेपत नाही. 1 जानेवारी 1865 रोजी इगतपुरीपर्यंत रेल्वे सुरू झाली. कसाऱ्यापासून साडेनऊ मैलांत ती 972 फूट चढते, आणि सर्वांत तीव्र चढ सदतीस फुटांना एक फूट. म्हणजे पावणेतीन टक्क्यांपेक्षाही कमी! एवढ्यासाठी बोगदे खणले, एहेगावचा सुमारे 180 फूट उंचीचा पूल बांधला, आणि तरीही गाडीला कसाऱ्याला बँकर इंजिनं जोडावी लागतात. 1930 च्या सुमारास इथं विजेची इंजिनं आली. त्यांतल्या मालगाड्यांच्या लांबुडक्या इंजिनाला रेल्वेतले लोक ‘खेकडा’ म्हणायचे. ज्या चढाला आगगाडी मदतनीस मागते, त्याच्या जवळजवळ दुप्पट चढ माझे वडील एका गिअरवर कसे चढणार होते?

आकडे मांडून बघा. जुन्या काळ्या सायकलला पुढं साधारण 44 दाते, मागं 18, आणि चाक 28 इंची. पायडलचा एक फेरा मारला की सायकल साडेपाच मीटरच्या आसपास पुढं जाते. माझ्या सायकलच्या सर्वांत हलक्या गिअरवर एका फेऱ्यात दोन मीटरच्या थोडं वर. म्हणजे त्यांच्या प्रत्येक फेऱ्याला माझ्या अडीचपट जोर. वर कॅरिअरवर कापड, दांडीवर मी.

हे मी त्या मुलीला सांगत होतो तेव्हा तिनं मला टूर द फ्रान्सची गोष्ट सांगितली. ती मोबाइलवर वाचत असते, मी नंतर पुस्तकांत पडताळून पाहिली. 1903 साली सुरू झालेली ही शर्यत 1910 साली पहिल्यांदा पिरेनीजच्या उंच खिंडींत नेली. 21 जुलैचा तो टप्पा 326 किलोमीटरचा होता, आणि त्यात टूर्माले नावाची 2115 मीटर उंचीची खिंड. चढ सरासरी सात टक्क्यांच्या वर, रस्ता मातीचा. ऑक्ताव्ह लापीझ या पट्ठ्यानं तो टप्पा जिंकला आणि पुढं ती सबंध शर्यतही. पण टूर्मालेवर तो पहिला पोचला तो बराचसा चालत, सायकल हातात धरून! पुढं संयोजकांच्या माणसांना त्यानं ‘मारेकरी’ म्हणून शिवी हासडली, ती अजून सांगतात. न उतरता टूर्माले चढला तो गुस्ताव गारिगू, आणि त्याला त्याबद्दल शंभर फ्रँकचं वेगळं बक्षीस मिळालं. म्हणजे न उतरणं हे बक्षीस देण्याइतकं विरळ होतं. लापीझ पुढं पहिल्या महायुद्धात, 1917 साली, वैमानिक म्हणून लढताना मारला गेला.

त्या काळात गिअर बदलायची यंत्रणा माहीत नव्हती असं नाही. सेंट एतियेनचा पॉल द व्हिव्ही, ‘व्हेलोसिओ’ या नावानं लिहिणारा, डोंगरांतल्या लांब फेऱ्यांसाठी तिचा हिरिरीनं प्रचार करत होता. पण शर्यतीचे संस्थापक आंरी देग्रांज यांचं मत असं की गिअर ही पंचेचाळिशी उलटलेल्यांची सोय आहे. टूर द फ्रान्समध्ये मागच्या चाकावर चेन सरकवणाऱ्या गिअरला परवानगी मिळाली ती थेट 1937 साली. देग्रांजसाहेबांच्या हिशेबानं मी गिअर वापरायला पात्र ठरतो, आणि तरी मी चालत होतो!

आपल्याकडेही मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ हा किताब असतो. पुण्याला कोण पहिला आला हे लोक विसरतात, घाटाचा राजा लक्षात राहतो. आणि थळघाटाच्या वरच्या अंगाला, नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी 2015 साली ‘रेस अक्रॉस अमेरिका’ दोघांच्या गटात पुरी केली, तेव्हापासून तिथं सायकलीचं वारं भलतंच वाढलं आहे.

घाटनदेवीला आम्ही पोचलो तेव्हा बाकीचे नऊजण पायरीवर बसून काकडी खात होते. पूर्वी गाडीवान इथं बैल सोडायचे. आता ट्रकवाले नारळ फोडतात. बोरघाटात शिंग्रोबाला नाणं टाकायची जी रीत आहे, तसंच. दलालांनी विचारलं, ‘‘मास्तर, मारला का घाट?’’ मी म्हणालो, ‘‘अर्धा मारला, अर्धा चालत आणला.’’ ते सगळे हसले. मीही हसलो.

इगतपुरीत जेवण करून परत निघालो. उतरताना नवा घाट. इथं मला वडिलांची आणखी एक सवय आठवली. ते उतारावरही चालायचे. लहानपणी ते मला चढावर चालण्यापेक्षा जास्त अनाकलनीय वाटायचं, कारण उतार तर फुकट! आता कळतं. त्या सायकलला सळईचे ब्रेक. रबराचे दोन तुकडे चाकाच्या कडेला खालून घासायचे. लांब उतारावर ते तापून गुळगुळीत होतात आणि मग काहीच धरत नाही. पुढं दांडीवर पोरगं बसलेलं.

या घाटाखालून आता आणखी एक वाट गेली आहे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा, 76 किलोमीटरचा टप्पा 5 जून 2025 रोजी खुला झाला. आमणे आमच्याच भिवंडी तालुक्यातलं गाव. त्या टप्प्यात पावणेआठ किलोमीटरचा जोडबोगदा आहे. ज्या डोंगराला बैल अर्धा दिवस घ्यायचे तो मोटार काही मिनिटांत पोटातून पार करते, आणि घाट दिसतच नाही. सायकलला तिथं मज्जाव आहे, दुचाकीलाही. असावाच. त्या वेगात आमचं काय काम? त्या रविवारी घाटात मोटारी मला कमी वाटल्या. ट्रक मात्र तितकेच. उद्या तेही बोगद्यानं जाऊ लागले, तर थळघाटाच्या जुन्या रस्त्याची डागडुजी कोण करणार, हा प्रश्न मला पडतो. नाणेघाट एकदा मागे पडला, तो आज फक्त ट्रेकवाल्यांचा झाला. सातवाहनांच्या काळात जुन्नरचा सगळा व्यापार त्यातून खाली उतरत होता. वाटा अशाच मरतात. कोणी बंद करत नाही, फक्त लोक यायचे थांबतात. मला स्वतःला बोगद्याचा राग नाही. माझी मुलगी नाशिकला दिली आहे, आणि मी तिच्याकडे जातो तो बोगद्यातूनच, जावयाच्या गाडीतून.

परतीला शहापूरच्या पुढं ऊन कलू लागलं. पोटरी दुखत होती, पण मंडळानं मला मधे घेतलं होतं. पुढून वारा लागू द्यायचा नाही, मागे पडू द्यायचं नाही. आमणे आलं तेव्हा दिवे लागले होते. वंजारपट्टी नाक्यावर पोचलो त्या वेळी साडेसात वाजून गेले होते. निघाल्यापासून पंधरा तास. त्या मुलीनं घड्याळ पाहिलं आणि म्हणाली, ‘‘काका, ब्रेव्हे असती तर आपण दोघं बाद.’’

जानेवारीत तिनं तिचे दोनशे किलोमीटर बारा तास चाळीस मिनिटांत पुरे केले. वडिलांची हिंद सायकल अजून आमच्या माळ्यावर आहे. मागचा ब्रेक गेलेला आहे, दांडीवर बसायला बांधलेलं गोणपाट कधीच कुजून गेलं. आमचा मेकॅनिक मित्र म्हणतो, फ्रीव्हील मिळालं तर तो ती चालती करून देईल. भिवंडीच्या भंगार बाजारात आम्ही ते शोधतो आहोत.